दवंडी कोणी द्यायची?

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने गौहर जानचं गाणं तबकडीसाठी उतरवून घेतलं. तबकडीची मर्यादा जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्या वेळात गाणं आटोपून, शेवटचा सूर विरतो न विरतो तोच ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. ऐकणाऱ्याला त्यात ठसका वाटतो, थोडी बढाईही वाटते. खरं कारण मात्र अगदी कारखानी होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कामगाराला ठुमरी काय आणि खयाल काय, सगळं सारखंच. कोणत्या तबकडीवर कोणाच्या नावाचं लेबल डकवायचं हे त्याला कळावं म्हणून कलावंताने शेवटी नाव उच्चारायचं अशी पद्धत पडली. कारखान्यासाठी उच्चारलेलं ते नाव मग घरोघर पोचलं आणि देशाला पाठ झालं. गाणं आणि नावाचा पुकारा या दोन गोष्टी आपल्याकडे यंत्रयुगाच्या उंबरठ्यावरच अशा एका तबकडीवर, एका दमात आल्या. तेव्हा ‘खरा कलावंत जाहिरात करत नाही’ हे वाक्य कोणी फार पावित्र्याने उच्चारलं, की ऐकणाऱ्याने थोडं सावध झालेलं बरं.

कारण दवंडी प्रत्येक काळात होती. बदलत गेला तो दवंडी देणारा. दरबारात राजाश्रय हीच जाहिरात. अमक्या संस्थानचा गवई एवढी ओळख पुरायची. संस्थानिकांचा हात आखडू लागला तसे गवई बाहेर पडले, आणि ती वाट पाडणाऱ्यांत विष्णु दिगंबर पलुसकर आघाडीवर होते. कुरुंदवाडचे, लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झालेले, मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले हे बुवा १८९६ मध्ये मिरज सोडून निघाले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. शास्त्रीय गाण्याची अशी ती पहिलीच मैफल मानली जाते. तिकीट लावायचं म्हणजे आधी गावाला कळवणं आलं, लोकांना पटवणं आलं. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईला आणलं, स्वरलिपीची पुस्तकं छापली. आजच्या भाषेत हे सगळं प्रमोशनच. बुवा दवंडी देत होते ती संगीताच्या प्रतिष्ठेची, आणि त्यात त्यांचं नाव आपसूक मोठं झालं. या खटाटोपाची किंमतही त्यांनी मोजली. देणग्या गोळा करा, इमारत उभी करा, कर्ज फेडा, यात वर्षं गेली आणि मुंबईची ती इमारत शेवटी कर्जापायीच हातची गेली. आपल्या कानांपर्यंत जे पोचलं ते ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास या शिष्यांचं गाणं. संस्थापक बुवांनी गवई बुवांचा किती वेळ खाल्ला, हा हिशेब कुठे मांडलेला नाही.

दवंडी कोणी द्यायची या प्रश्नाचं तमाशाच्या फडांनी निराळं उत्तर शोधलं, आणि त्याकडे शहरी संगीतवाल्यांनी कधी नीट पाहिलं नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमाराला फडमालक राहुट्या टाकून बसतात. जत्रांचा हंगाम तोंडावर असतो. गावोगावचे पंच आणि कारभारी येतात, या राहुटीतून त्या राहुटीत चौकशी करतात, घासाघीस होते, सुपारी ठरते, इसार हातावर पडतो. यातलं शहाणपण असं, की गिऱ्हाईक गाठायची जागा ठरलेली आहे, मुदत ठरलेली आहे, आणि बोलणी करायला बसतो तो फडाचा माणूस. ढोलकीवाल्याला त्यासाठी ढोलकी खाली ठेवावी लागत नाही. स्पर्धक फड शेजारच्याच राहुटीत असतो, तरी सगळे एका ठिकाणी जमल्यामुळेच गिऱ्हाईक तिथे येतं. फडातल्या कलावंतांच्या वाट्याला यातून सुख आलं असं मुळीच म्हणायचं नाही. उचल, कर्ज आणि हंगाम संपल्यावरची भ्रांत हा त्या जगाचा दुसरा चेहरा आहे. पण कला कोणी करायची आणि बाजार कोणी सांभाळायचा, ही वाटणी तिथे स्पष्ट आहे. नाटक कंपन्यांत, रेकॉर्ड कंपन्यांत, आकाशवाणीतही ती वेगवेगळ्या प्रमाणात होती. कंपनीची सूची, रेडिओचं वेळापत्रक, गणेशोत्सव मंडळाचा फलक ही सगळी दुसऱ्या कोणीतरी दिलेली दवंडीच होती.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही वाटणी मोडली. गाणं रेकॉर्ड करणं स्वस्त झालं, ते जगापुढे ठेवणं जवळपास फुकट झालं, आणि मधली माणसं गळाली. ती गळाल्याचा आनंद रास्त होता, कारण त्यांतल्या अनेकांनी कलावंताला लुबाडलं होतं. पण ती जे काम करत होती ते गळालं नाही. ते गायकाच्या, वादकाच्या, संगीतकाराच्या ताटात येऊन पडलं. शिवाय गर्दी अशी, की दवंडी ऐकूच जाऊ नये. ल्युमिनेट या अमेरिकी संस्थेच्या २०२३ च्या वार्षिक अहवालानुसार स्ट्रीमिंगवर तेव्हा सुमारे १८ कोटी ४० लाख गाणी होती, रोज सुमारे १ लाखाची भर पडत होती, आणि वर्षभरात एकदाही न वाजलेली गाणी साडेचार कोटींहून जास्त होती. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला, की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसेच मिळणार नाहीत. ज्यांच्यामागे मोठी कंपनी आहे त्यांचीही सुटका नाही. २०२२ मध्ये हॅल्सी या अमेरिकी गायिकेने जाहीर तक्रार केली, की गाणं तयार आहे, पण टिकटॉकवर आधी गाजावाजा झाल्याशिवाय कंपनी ते बाहेर येऊ देत नाही. म्हणजे दवंडी देणारी कंपनीही आता कलावंतालाच सांगते, ढोल तूच बडव.

या परिस्थितीवर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: वेळेची वाटणी करा. सकाळी रियाज, दुपारी रील, आठवड्याला इतक्या पोस्ट. सल्ला चुकीचा नाही, पण तो रोगाच्या जागी हात ठेवत नाही. वेळ हीच अडचण असती तर प्रश्न केव्हाच सुटला असता. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवरचा अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि खूप गाजला. त्यातल्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांचा एकाग्र, एकट्याने केलेला सराव दिवसाला सरासरी साडेतीन तासांच्या आसपास निघाला, तोही तुकड्यातुकड्यांनी, मध्ये विश्रांती घेऊन. पुढे या अभ्यासातल्या काही निष्कर्षांवर वाद झाले, पण खऱ्या एकाग्रतेला रोजची मर्यादा असते ही गोष्ट कोणत्याही गुरूला मान्य होईल. चिल्ल्यात, म्हणजे ठरावीक दिवसांच्या एकांतवासात, बसून अठरा-अठरा तास रियाज केल्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या कथा म्हणूनच ऐकाव्यात. साडेतीन काय, पाच तास जरी धरले तरी दिवसात बाजारासाठी वेळ उरतोच. मग गाणाऱ्याची तक्रार खोटी का? नाही. चोरीला जातं ते दुसरंच काहीतरी. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं, की माणूस एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळला, की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो आणि पुढचं काम कच्चं होतं. जाहिरातीचं काम तर स्वभावानेच अर्धवट राहणारं. पोस्ट टाकली म्हणजे काम संपत नाही, उलट तिथून ते सुरू होतं: किती जणांनी पाहिलं, कोण काय म्हणालं. तानपुऱ्याच्या खर्जात कान बुडवायचा असतो तेव्हा त्या कानाचा एक कोपरा खिशातल्या फोनकडे लागलेला असतो.

त्याहूनही खोल जाणारी गोष्ट म्हणजे बाजाराचा आवाज उलटा फिरून कलेत शिरतो. हे आजचं नाही. आपल्या संगीत नाटकातला वन्समोअर आठवा. प्रेक्षकाने मागितलं की पद पुन्हा, पुन्हा मागितलं की पुन्हा, आणि नाटक रात्र संपून पहाटेकडे सरकायचं. बालगंधर्वांसारख्या प्रतिभेने त्या मागणीचं सोनं केलं, दर खेपेला पद नव्या जागांनी सजवलं. त्याच मागणीने कितीतरी सामान्य नटांना हमखास टाळीच्या चार जागांची सवय लावली आणि नाटकाची गती मारली. माध्यमाची चौकटही रूप बदलते. तबकडीच्या तीन मिनिटांनी खयालाला आवळलं, तरी अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांत राग असा उभा केला की आजही तो अपुरा वाटत नाही. म्हणून बंधन आलं की कला संपली असं मानण्याचं कारण नाही. तबकडीची मर्यादा गायकाला आधी माहीत होती, ती तटस्थ होती आणि तो तिच्यात राहून विचार करू शकत होता. आजची चौकट तटस्थ नाही. ती प्रत्येक श्वासाला गुण देते. स्ट्रीमिंगवर तीस सेकंद ऐकलं गेलं तरच गाणं ‘वाजलं’ असं मोजतात. विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण मिनिट ते मिनिटभर चालतं. म्हणजे पहिली सम यायच्या आधीच निकाल लागलेला असतो! ओहायोच्या विद्यापीठातल्या युबेर लेव्हेये गोव्हँ या संशोधकाने १९८६ ते २०१५ या काळातली अमेरिकेतली सर्वाधिक खपाची गाणी तपासली, तेव्हा गायकाचा आवाज सुरू होण्याआधीचं वाद्यसंगीत वीसहून अधिक सेकंदांवरून सुमारे पाच सेकंदांवर आलेलं दिसलं. कोणा एकाने बसून तसं ठरवलं नव्हतं. हजारो संगीतकारांनी आपापल्या खोलीत, श्रोता निघून जाईल या धास्तीने, थोडं थोडं कापलं.

माझं म्हणणं या टप्प्यावर स्पष्ट मांडतो. सर्जन आणि प्रसिद्धी यांचा तोल तासांत मोजू नये, दिशेत मोजावा. काम आधी आणि त्यातून दवंडी, या दिशेने गोष्टी वाहत असतील तर दिवसाचे चार तास बाजारात गेले तरी कलावंताचं फारसं बिघडत नाही. दवंडीला काय चालेल हे पाहून काम ठरू लागलं, तर दिवसाचा अर्धा तासही जास्त आहे.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, की हे ठीक, पण जो जोरात ओरडतो तोच ऐकला जातो, मग दिशा सांभाळून उपाशी राहायचं का? या आक्षेपाला चांगलं उत्तर एका प्रयोगात आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी त्यांनी १४ हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना फक्त गाणी दिसत होती. काहींना आधीच्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं याचे आकडेही दिसत होते, आणि अशा लोकांचे आठ स्वतंत्र गट केले होते. आकडे दिसताच लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, पण प्रत्येक गटात वेगवेगळी. एका गटात डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्यात कुठल्या कुठे. सर्वांत चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, सर्वांत वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं नशीब मात्र वाऱ्यावर. याचा अर्थ कलावंताने नीट समजून घ्यावा. यशातला मोठा वाटा सुरुवातीच्या योगायोगाचा असेल, तर त्या योगायोगाला वश करण्यासाठी रोज सहा तास खर्चणं म्हणजे लॉटरीची तिकिटं घेण्यात पगार घालवणं. थोडी तिकिटं घ्यावीत, कारण न घेणाऱ्याला लागतच नाही. पण काम अगदी वाईट या थरातून उचलून चांगल्या थरात नेणं, एवढंच माणसाच्या हातात आहे, आणि त्याचा परिणाम त्या प्रयोगात सगळ्यांत स्थिर दिसला.

आकड्यांबद्दल आणखी एक. भरपूर श्रोते आणि आपले श्रोते यांत अंतर असतं. १९६७ च्या माँटेरी महोत्सवाने रविशंकरांना पाश्चात्त्य तरुणांचं दैवत केलं. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला, तिथे त्यांनी आणि अली अकबर खाँनी नुसती वाद्यं जुळवली तर सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पंडितजींनी मिश्किलपणे ते झेललं. पण पुढे रॉक महोत्सवांपासून ते जाणीवपूर्वक दूर झाले आणि बसून ऐकणारा श्रोता त्यांना नव्याने जमवावा लागला.

दुसरा आक्षेप अगदी उलट बाजूने येतो, आणि मराठी रसिकांचा तो फार लाडका आहे: केसरबाईंनी कुठे जाहिरात केली? गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर आकाशवाणीपासून दूर राहिल्या, ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत कमालीच्या चोखंदळ होत्या, आणि तरी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत त्यांची भैरवी अंतराळात गेली. सप्टेंबरात व्हॉयेजर-१ निघालं आणि त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. गोष्ट सुंदर आहे, पण ती सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात. एक, ती भैरवी यानावर पोचली कारण कधीतरी त्यांनी ध्वनिमुद्रण करू दिलं होतं, तीन-साडेतीन मिनिटांचं. दोन, त्यांची दवंडी देणारं अख्खं जग आजूबाजूला होतं. अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचा दबदबा, मुंबईतले धनिक आश्रयदाते, खासगी बैठका आणि त्या बैठकांतून बाहेर पडून दुसऱ्या दिवशी गावभर वर्णन करणारे रसिक. अन्नपूर्णादेवींनी तर जाहीर कार्यक्रमच सोडले, पण हरिप्रसाद चौरसिया आणि निखिल बॅनर्जी यांच्यासारखे शिष्य ज्यांचं नाव घेतात त्यांना पोस्टर कशाला लागतं? मौन हाही प्रसिद्धीचा एक प्रकार आहे, पण तो ज्याच्यामागे घराणं, गुरू आणि बैठक उभी आहे त्यालाच परवडतो. लातूरच्या किंवा गडचिरोलीच्या, घरात गाणं नसलेल्या मुलीला ‘केसरबाईंसारखी अलिप्त राहा’ असं सांगणं म्हणजे तिला गप्प बसवणं आहे.

आणि या मुलीमुळेच तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मधली माणसं होती तेव्हा दार कोणासाठी उघडत होतं, हेही सांगायला हवं. आंबेडकरी जलशांची गाणी भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक आणि त्यांच्या सोबतच्या असंख्य शाहिरांनी स्वतःच्या पायांनी गावोगाव नेली. प्रतिष्ठित मंच त्यांच्यासाठी पायघड्या घालून बसले नव्हते. त्यांना दवंडी आणि गाणं वेगळं करताच आलं नसतं, कारण गाणं हीच चळवळीची दवंडी होती. पुढे १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या आणि लोकगीतं, भीमगीतं, भक्तिगीतं बड्या कंपन्यांची परवानगी न घेता बाजारपेठेत पोचली. मोबाइल हे त्याच वाटेवरचं पुढचं वळण आहे. स्वतःची दवंडी स्वतः देता येणं हे कित्येकांसाठी ओझं नसून पहिल्यांदा मिळालेला हक्क आहे, हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे. पण मान्य केल्यावरही माझा मुद्दा राहतो. जलशाच्या शाहिराला श्रोता समोर दिसत होता, त्याच्या डोळ्यांतून प्रतिसाद मिळत होता, आणि कोणतं गाणं गायचं हे चळवळ ठरवत होती. आज मधला माणूस गेला असं वाटतं तिथे एक अदृश्य मध्यस्थ बसला आहे. कोणाला काय दाखवायचं हे तोच ठरवतो, नियम सांगत नाही, आणि उद्या ते बदलतो. त्या मध्यस्थाच्या भरवशावर पूर्ण कारकीर्द उभी करणं हे जुन्या ठेकेदारावर विसंबण्याहून शहाणपणाचं नाही.

मग करायचं काय? सगळ्यांत टिकाऊ वाट मला कुमार गंधर्वांच्या कामात दिसते. क्षयातून उठून ते देवासला पुन्हा गाऊ लागले आणि पुढे ‘गीतवर्षा’, ‘त्रिवेणी’, ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे एकेका सूत्रावरचे कार्यक्रम त्यांनी बांधले. कार्यक्रमाचं नाव ऐकलं की लोकांच्या मनात कुतूहल जागं व्हायचं, चर्चा व्हायची, कोणी नाक मुरडायचं. ते नाव जाहिरातीसाठी सुचलं नव्हतं. अभ्यासाचा विषयच इतका नेमका होता की त्याला नाव देता आलं. दुसरं उदाहरण गीतरामायणाचं. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं पहिलं गीत गेलं आणि पुढच्या रामनवमीपर्यंत, अधिक महिना धरून, ५६ आठवडे दर आठवड्याला नवं गीत येत राहिलं. सतत काहीतरी प्रकाशित करत राहण्याने कला उथळ होते असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावं. नियमितपणाने तिथे श्रोत्याला वाट पाहायची सवय लावली. पण दर आठवड्याला जात होतं ते गाणंच. गाण्याची तयारी, गाण्यामागची धावपळ, गाण्याआधीचा चहा यांचे तुकडे नव्हेत. आजचा कलावंत आठवड्याला पाच गोष्टी जगापुढे ठेवतो आणि त्यांतली एकही गाणं नसते, तिथे गणित चुकलेलं असतं. महिन्याला एक पुरी बंदिश, नीट रेकॉर्ड केलेली, तिच्याबद्दल दोन ओळी माहितीच्या, हे रोजच्या धांदलीपेक्षा जड पडेल. रियाजात सापडलेली एखादी जागा, शिष्याला समजावून सांगितलेला रागातला बारकावा, जुन्या बंदिशीचा पाठभेद, हे सगळं कामातूनच निघतं. त्यासाठी वेगळा देखावा मांडावा लागत नाही. आणि आकडे पाहायचेच असतील तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, वाद्य गवसणीत ठेवल्यावर.

उरलेलं काम एकट्याने उचलू नये. १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी पुण्यात गुरूच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तो आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या रूपाने कितीतरी तरुण गायकांची दवंडी बनला. एवढं मोठं प्रत्येकाला जमणार नाही, जमण्याची गरजही नाही. पाच-सात कलावंतांनी मिळून एका होतकरू व्यवस्थापकाला महिन्याचे पैसे द्यावेत, त्याने कार्यक्रमांची बोलणी, पोस्ट आणि हिशेब सांभाळावेत. ही नारायणगावची राहुटीच आहे, फक्त व्हॉट्सॲपवरची. श्रोत्यांचे पत्ते आणि फोन स्वतःच्या वहीत असावेत, कंपनीच्या पडद्यामागे नव्हे. दोनशे माणसं जरी दर मैफलीला निरोप मिळताच येणारी असली, तरी गावातलं छोटं सभागृह भरतं. शिवाय जे कागद करायचे ते करावेत. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे, आणि २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा सहजासहजी लिहून घेता येणार नाही अशी तरतूद केली. रीलवर महिने घालवणारे कित्येक जण या सोसायटीच्या सदस्यत्वाचा एक फॉर्म भरत नाहीत, याचं मला नवल वाटतं. गाणं अपलोड करताना संगीतकार, गीतकार, साथीदार यांची नावं नीट भरणं ही सगळ्यांत कंटाळवाणी आणि सगळ्यांत हक्काची जाहिरात आहे.

नावाचा विषय निघालाच आहे तर १९४९ चा ‘महल’ आठवावा. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव होतं. कोण गातंय हे विचारणारी पत्रं रेडिओकडे येऊ लागली आणि लता मंगेशकर हे नाव सांगणं भाग पडलं. त्या वेळी दवंडी श्रोत्यांनी दिली. आज फोनवर फिरणाऱ्या निम्म्या गाण्यांखाली तेवढंही नसतं. आपण एक करावं: आवडलेलं गाणं कोणाला पाठवताना त्यासोबत गाणाऱ्याचं, चाल बांधणाऱ्याचं आणि तबला-पेटीच्या साथीला बसलेल्यांचंही नाव लिहून पाठवावं, आणि त्यांची मैफल गावात असेल तर तिकीट काढून जावं.